सूपभर कोंड्यावर दिलेली पोट्टी

सन एकोणीसशे सत्तावन्न. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, अन् माही दोन लेकरं मातीत गेलती. एक सव्वा महिन्याचं होऊन, दुसरं बाराव्या दिवशी. तिसरी पोट्टी झाली तेव्हा सुईण तिच्याकडं पाहायच्या आधी माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. गावातल्या बुढ्या जमल्या अन् ठरलं, ही पोट्टी द्यायची.

देणं म्हणजे काय ते आताच्या लोकायले सांगावं लागते. ज्याचं लेकरू जगत नाही, त्यानं नवं लेकरू सुपात घालायचं अन् दुसऱ्या बाईले विकायचं. ती बाई सूपभर कोंडा देते अन् लेकरू घेते. पाचवीले सटवाई कपाळावर लिहायले येते, तेव्हा तिले लेकरू भलत्याच चुलीपाशी सापडते, अन् खऱ्या मायबापाचं खराब नशीब त्याले लागत नाही. तो कोंडा फडक्यात बांधून आढ्याले टांगायचा. लेकरू पाच वर्षांचं झालं की तोच कोंडा परत करायचा अन् लेकरू आपलं घ्यायचं. तोवर त्यानं घेणारीले माय म्हणायचं, अन् पोटच्या मायले काकी.

घेणारी होती माही वहिनी. दादाच्या लग्नाले अकरा वर्षं झालती, पोटी काही नव्हतं. राळेगावच्या बाजाराले पायी जाता येते इतक्या अंतरावर आमचं गाव. घर एकच, मधात कुडाची भिंत. अलीकडं आमची चूल, पलीकडं त्यायची. वहिनीनं सूप हातात घेतलं, पोट्टीकडं पाह्यलं, अन् तिच्या तोंडावर जे आलं ते मले तेव्हाच आवडलं नाही. विकत घेणाऱ्याचं तोंड असं राहत नाही. ते नेणाऱ्याचं तोंड होतं.

चार दिवसांनी कोतवाल आला. जन्म-मरण तोच विचारून जाई अन् पाटलाच्या ओसरीत बहीत लिहून घेई. मी दारात दोरी वळून राह्यलो होतो.

"काहो, या घरी पोट्टी झाली म्हणते. कोणाची लिहू?"

आता सटवाईले एक सांगायचं अन् कोतवालाले दुसरं, असं कसं चालन? मी मोठ्यानं म्हणलं, घरातल्या देवायले ऐकू जावं इतक्या मोठ्यानं, "दादाची होय. माहं काही नाही." तो गेला. मले वाटलं, काम पक्कं झालं. किती पक्कं झालं ते पाच वर्षांनी समजलं.

पोट्टी जगली. जगली म्हणून मी देवाचे पाय धरायले पाहिजे होते. पण खरं सांगतो, मी धुसफुसत राह्यलो. माही बायको दूध पाजायले भिंतीच्या पलीकडं जाई अन् रिकाम्या हातानं परत येई. पोट्टी रांगली ती तिकडच्या अंगणात. पहिल्यांदा 'माय' म्हणली ते वहिनीले. मले काका. दादा तिले खांद्यावर बसवून वावरात नेई, अन् बांधावरून जाणारे म्हणत, "दोघंही सारखेच दिसून राह्यले." सारखे नाही दिसत तं काय, नाक आमच्या घरचंच होतं. पण लोक ते दादाच्या नावावर लिहीत.

एका तान्ह्या पोळ्याले, लेकरायच्या लाकडी बैलायच्या सणाले, मी सागाच्या तुकड्याचा बैल कोरला. आठ दिवस लागले. शिंगं अशी काढली की हात फिरवला तं टोचावी. दादानं बाजारातून चाकाचा, रंगवलेला बैल आणला. पोट्टी गावभर चाकाचा बैल ओढत फिरली. माहा ओट्यावर आडवा पडून राह्यला. सांजच्याले दादा म्हणे, "लहान्या, चांगला कोरला रे. चाकं लावली असती तं." मी त्या दिवशी त्याच्याशी बोललो नाही, अन् नंतरचे चार दिवसही नाही.

एकसष्ट साली बायकोले खोकला लागला. रक्त पडलं तेव्हा तिले यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. पोट्टी चार वर्षांची. मी तिचाही सदरा गाठोड्यात घातला अन् तो सागाचा बैल घातला.

वहिनी मोटारीपर्यंत मागं आली. "भाऊजी, पोट्टी कायले नेता? दवाखान्यात काय जत्रा भरली?"

"मायसंगं राहीन."

"तिची माय तं अठी उभी आहे," ती म्हणाली अन् हसली.

मस्करीच केली तिनं. पण मले ते हसणं असं लागलं की मी पोट्टीले बखोटीले धरून वर चढवलं. ती रडून राह्यली होती. दादा खालून म्हणे, "लहान्या, कोंडा अजून आढ्याले आहे. साल बाकी आहे. नियम मोडून राह्यला तू."

"मोडू दे," मी म्हणलं.

दवाखान्यात डॉक्टरनं बायकोले छातीच्या रोग्यायच्या बराकीत टाकलं. पोट्टीकडं बोट करून विचारलं, "हिला इथं ठेवता येणार नाही, हिलाही होईल. घरी सांभाळणारी कोणी बाई नाही का?"

मी म्हणलं, "नाही."

हे एक वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा आठवलं. भिंतीपलीकडं एक बाई होती, जी या पोट्टीसाठी चुलीवरचा तवा टाकून धावली असती. म्हणूनच मी नाही म्हणलं. वहिनीच्या पदरात परत टाकण्यापेक्षा सरकारच्या घरी बरी, असं माह्या डोक्यात बसलं होतं.

दवाखान्यातल्या एका बाईनं बालगृहाचा पत्ता दिला. निराधार लेकरं तिथं ठेवत. तिथल्या मोठ्या बाई पांढऱ्या लुगड्याच्या, चष्मेवाल्या, आवाज चढवत नसत. त्यायनं कागद पुढं केला. मी सही केली. अंगठा नाही, सही. दुसरी पास आहो मी. नाव लिहिलं अन् त्याच्याखाली न सांगता 'बाप' असंही लिहिलं. चार वर्षांनी पहिल्यांदा ते कुठंतरी लिहायले भेटलं, म्हणून जरा दाबूनच लिहिलं. कोणी विचारलं नाही, कोणाची पोट्टी, काय पुरावा. बाई म्हणाल्या, "आई बरी झाली की घेऊन जा."

घरी मी सांगतलं, पोट्टी मायजवळच आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास भेट. व्हरांड्यात बाकड्यावर बसायचं, मधात एक बाई बसून ऐकणार. मी पहाटेच्या मोटारीनं जायचो, आधी बायकोले पाहायचो, मंग पोट्टीले. पहिले दोन महिने ती रडली. तिसऱ्या महिन्यात रडली नाही, अन् मले ते रडण्यापेक्षा खराब वाटलं. तिथं खेळणी साऱ्यायची एकत्र. माहा बैल दुसऱ्याच लेकराच्या हातात होता, अन् त्याचं एक शिंग मोडलं होतं. सैपाक करणारी एक जाडी बाई होती. पोट्टी तिच्या लुगड्याले धरून उभी, अन् तिले म्हणते, "माय, माहे काका आले."

म्हणजे पाहा. वहिनीले माय. भात शिजवणारीले माय. जिनं पोटात वागवलं ती चार भिंती सोडून खाटेवर खोकलून राह्यली होती, ती काकी. अन् मी पहिल्यापासून काका तो काकाच. मी त्या सैपाकाच्या बाईकडं असं पाह्यलं की ती बिचारी पोट्टीचा हात सोडून आत गेली.

दहा महिन्यांनी बायकोले सोडलं. तिले घरी पोचवलं अन् दुसऱ्या आठवड्यात पोट्टी आणायले गेलो. मोठ्या बाई म्हणाल्या, "तहसीलीतून जन्माची नक्कल घेऊन या. नियम आहे." नक्कल काढली. कारकुनानं हातात दिली, ती मी न वाचताच घडी करून टोपीत ठेवली. वाचता येते म्हणून वाचलीच पाहिजे असं थोडंच आहे.

बाईनं वाचली. मंग चष्म्यावरून माह्याकडं पाह्यलं.

"तुम्ही तर काका आहात."

"मी बाप होय."

"इथं वडिलांच्या जागी तुमच्या मोठ्या भावाचं नाव आहे. आईच्या जागी त्यांच्या बायकोचं."

माह्या कानात दोरी वळतानीचा माहाच आवाज आला. दादाची होय, माहं काही नाही.

"ते असं झालं बाई," मी सुरू केलं, अन् थांबलो. कोंडा, सूप, सटवाई, हे त्या टेबलासमोर सांगावंसं वाटेना. बाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? भावाला पाठवा. ते सही करतील आणि पंधरा मिनिटांत घेऊन जातील. सगळी एकाच घरी तर जाणार."

एकाच घरी! त्यायले काय ठाऊक ती भिंत केवढी आहे. दादानं सही करून आणली असती तं पोट्टी सुपातही त्याची, तोंडातही त्याची अन् सरकारच्या कागदातही त्याची. मंग माह्याजवळ काय राह्यलं असतं? सागाचा एक बैल, तोही एका शिंगाचा.

मी उठून आलो. बायकोले सांगतलं, "तारीख लागली. पुढच्या महिन्यात देते म्हणते." पुढच्या महिन्यात अजून एक तारीख सांगतली. ती दारात बसून राही. अंगावर मांस चढायले पाहिजे होतं, ते चढेना. मले दिसत होतं. तरी मी भिंतीपलीकडं जाऊन एक शब्द बोललो नाही.

त्यापेक्षा मी अर्ज लिहिले. स्वतःच्या अक्षरात. एक लिहायले दोन दिवस लागत. बालगृहाले लिहिला, तहसीलदाराले लिहिला, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाले लिहिला. उत्तर आलं नाही. मंग समजलं की बालगृह चालवणारी एक कमिटी आहे, महिन्यातून एकदा बसते. मी तिच्या पायरीवर जाऊन बसू लागलो. पहिल्या महिन्यात शिपायानं हाकललं. दुसऱ्या महिन्यात पाणी दिलं. तिसऱ्या महिन्यात आत बोलावलं.

पाच-सहा जण होते, मोठ्या बाई टोकाले. मी टोपी काढली नाही. म्हणलं, "साहेब, मले एकच विचारायचं आहे. पोट्टी अठी ठेवतानी कोणी बही पाह्यली नाही. माही सही चालली. न्यायचं म्हणलं तं बही निघाली. लेकरू टाकायले मी बाप, अन् उचलायले काका, हा कोणता कायदा? भेटीले अर्धा तास देता, तोही महिन्यातून एक. तेवढ्यात लेकरू तोंडही विसरते. अन् मंग तुमीच म्हणता, लेकरू घरच्यायले ओळखत नाही!"

एक जण म्हणे, "मग बहीत खोटं कोणी लिहिलं?"

तेव्हा सांगावं लागलं. सूप, कोंडा, सारं. दोघं-तिघं हसले. एक जण म्हणे, "अजून हे असलं चालतं का?" माहे कान तापले. पण मोठ्या बाई हसल्या नव्हत्या. त्यायनं विचारलं, "मुलगी पाच वर्षांची झाली ना? मग तुमच्या रीतीप्रमाणे परत का नाही घेतली?"

"वहिनी देत नाही."

"तुम्ही मागितली?"

खिडकीत एक चिमणी काडी घेऊन आली अन् गेली, ते आठवते. पाच वर्षं मी त्या बाईचा राग केला, तिच्या हातचा चहा घेतला नाही, तिच्या नावानं दात खाल्ले. पण मागितली, असं एकदाही झालं नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, "भाऊ आणि वहिनीला घेऊन या. दोघांचं म्हणणं लिहून घेऊ. पुढच्या बैठकीत निर्णय देऊ."

घरी आलो अन् आठ दिवस कोणाले काही सांगतलं नाही.

नवव्या दिवशी मी वावरात कापूस वेचून राह्यलो होतो. वहिनी एकटीच आली. धुऱ्यावर उभी राह्यली. दम लागला होता.

"भाऊजी, मी यवतमाळले गेलती काल."

माह्या हातातली ओंजळ सांडली. "कायले?"

"कायले म्हणजे? तुमची बायको भिंतीशी तोंड लावून रडते, मले ऐकू येत नाही का? तुमी तं तारखा सांगून राह्यले. मी म्हणलं, जाऊन पाहू." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आणायलेच गेलती, खोटं नाही सांगत. त्या चष्मेवालीनं तुमचं पायरीवर बसणं सांगतलं, बही पाह्यली, म्हणे, कागदावर अजून तुमीच आई, अंगठा करा अन् घेऊन जा. मी अंगठा शाईत बुडवला. तेवढ्यात पोट्टीले आणलं."

"मंग?"

"मले म्हणे, माय, काकीचं खोकलणं थांबलं का? मी काकीजवळ झोपीन." वहिनीनं वावराकडं तोंड केलं. "चार वर्षं मी निजवली तिले. अन् विचारते काय, काकी."

तिनं हात पुढं केला. अंगठा अजून निळा होता. कागदावर उठला नव्हता तो, लुगड्याले पुसला होता.

मी तिच्याकडं पाह्यलं. जे माह्या पोटात पाच वर्षं जळत होतं, तेच तिच्या तोंडावर होतं. अगदी तेच. मले बरं वाटायले पाहिजे होतं. थोडं वाटलंही, लपवत नाही.

"अंगठा काहून नाही केला?" मी विचारलं.

"करायचा होता. हात उठेना," ती म्हणाली. मंग एकदम फणकारली, "अन् तुमी! तोंड शिवलं होतं का? एक शब्द टाकला असता तं मी सूप घेऊन दारात आली असती. पण नाही. साहेबाच्या पायरीवर बसाले लाज नाही, वहिनीच्या दारात उभं राहाले लाज!"

मी खाली सांडलेला कापूस वेचू लागलो.

"सूप फिरवू," ती म्हणाली. "पण माही एक अट आहे. मले माय म्हणते ते तोडायचं नाही. अन् झोपायले जिथं तिले वाटन तिथं."

मी हो म्हणलं नाही. नाही पण म्हणलं नाही.

पुढच्या बैठकीले आमी चौघं गेलो. दादा, वहिनी, माही बायको अन् मी. आढ्याचं फडकं काढून संगं नेलं. पाच वर्षांत कोंड्यात किडे पडून निम्मा भुगा झाला होता, पण होता तोच. कमिटीनं चौघायचं म्हणणं लिहून घेतलं. दादानं सरळ सांगतलं, "पोट्टी लहान्याची होय. बहीतलं खोटं आहे. मी राजीखुशीनं सांगून राह्यलो." सांगतानी त्याचा आवाज फाटला. दादाचंही काही जाऊन राह्यलं होतं हे मी तोवर मनावर घेतलं नव्हतं.

मोठ्या बाईच म्हणाल्या, "तुमची रीत इथंच करा. व्हरांडा मोकळा आहे."

पोट्टीले सुपात बसवलं. पाच वर्षांची घोडी ती, मावते कशी? पाय दोन्ही बाहेर, अन् हसून राह्यली. साऱ्या बालगृहाची लेकरं गोळा झाली. ती सैपाकाची बाई दारात उभी राहून डोळे पुसत होती. बायकोनं कोंडा वहिनीच्या पदरात टाकला. वहिनीनं सूप पुढं केलं. रीतीनं तेव्हा बापानं म्हणायचं राहते, "माहं मले द्या." माह्या तोंडातून ते निघालं नाही. सारी पाहून राह्यली होती. मी नुसते हात पुढं केले. वहिनी क्षणभर थांबली, माह्याकडं पाह्यलं, अन् न मागताच दिलं.

अध्यक्षायनं सही केली. निघतानी मोठ्या बाईनं कोरा छापील कागद दाखवला, लेकरू ठेवून घ्यायचा. त्याच्या खाली त्यायनं शाईनं एक नवा रकाना आखला होता: घरी मुलाला कोणी सांभाळले, मूल कोणाला काय म्हणते, शेजाऱ्यांना विचारून लिहावे. अन् भेट दर रविवारी करण्याचं कमिटीनं ठरवलं होतं. बाकीचे काही म्हणोत, तो रकाना माह्या पायरीवर बसण्यामुळं आला. मंग किती दिवस भरला, कोणी भरला, मले ठाऊक नाही.

मोटारीत पोट्टी वहिनीच्या मांडीवर बसली. माही बायको बाजूले, तिचा हात पोट्टीच्या पायावर. मी मागं उभा. जागा होती, तरी उभा. बैल तिनं हातात धरला होता, मोडक्या शिंगाचा, अन् तो माह्याकडं तोंड करून होता.

सांजच्याले जेवण झालं. पोट्टी थोडा वेळ काकीच्या कुशीत लोळली, मंग उठली अन् भिंतीपलीकडं गेली. अट ती अट. बायको म्हणे, "जाऊ द्या. कुठी जाते, इथंच तं आहे." मी म्हणलं, "हो." पण पलीकडून दोघींचं हसणं ऐकू आलं तसं माह्या छातीत पुन्हा तेच सुरू झालं. कागद बदलला, कोंडा गेला, ते काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाऊन मी उठलो, तोंडावर पाणी मारलं, अन् बैलायले चारा टाकायच्या आधी वहिनीच्या दारात जाऊन उभा राह्यलो. ती चूल फुंकून राह्यली होती. पोट्टी तिच्या पाठीशी टेकून बसलेली.

"काय भाऊजी?"

"वहिनी," मी म्हणलं. आवाज नको तितका मोठा निघाला. "पोट्टी द्या. तिची माय केस विंचरायले बसली आहे."

ती हसली नाही. "बसा. चहा घ्या, मंग न्या."

मी बसलो नाही. पण चहा घेतला, उभ्यानंच.